सात नंबरचा गळ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी तिथे होते. हे माझ्यासमोर घडलंय.

तारीख वीस फेब्रुवारी २००९. शुक्रवार. जागा आखातातलं रास अल खैमा. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

माझा नवरा उपेंद्र रेफ्रिजरेशन इंजिनिअर. शहराबाहेर एका मोठ्या शेडमध्ये त्याची कंपनी बर्फाचं तळं बनवत होती. बर्फाला बारा भोकं पाडायची आणि टुरिस्ट लोकांनी स्टुलावर बसून खाली गळ टाकायचे. थंड देशांत करतात तसं. वाळवंटात असली कल्पना... पण तेव्हा इथे कशालाच कोणी हसत नसे.

मग मंदी आली. चाळीस माणसांतले दोघं उरले. उपेंद्र आणि स्टोअरकीपर मुनीर.

पुढच्या गुरुवारी अबू धाबीहून एक इन्व्हेस्टर डेमो बघायला येणार होता. त्याला आवडलं तर काम चालू. नाहीतर खलास. व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांत देश सोडायचा.

मला आठवा महिना लागला होता. बीपी वाढलेलं. डॉक्टर जुलेखांनी बजावलं होतं, विमानात पाय ठेवायचा नाही.

म्हणजे राहायची सोय नाही, आणि जायचीही नाही.

आणि सगळं अडलं होतं गळांवर साचणाऱ्या बर्फापाशी.

शेडमध्ये उणे सहा डिग्री. ओली दोरी वर आली की ती ज्यातून जाते त्या रॉडच्या कड्यांमध्ये पाणी गोठायचं. पाच मिनिटांत कड्या बंद, रीळ जाम. उपेंद्रने खोबरेल लावून पाहिलं, तेच गोठून पांढरं झालं. व्हॅसलीनही लावून झालं. ग्लिसरीनने दहा मिनिटं जास्त मिळाली, बस. भोकांवर धरणारी बर्फाची साय काढायला माझा भज्यांचा झारा नेला होता त्याने.

त्या शुक्रवारी घरी एकटी नको म्हणून मी त्याच्यासोबत गेले. त्याचं जाड जॅकेट घालून खुर्चीत बसले. साडेबाराला मुनीर नमाजला गेला. आम्ही दोघंच उरलो.

उपेंद्र एक नंबरपासून बारापर्यंत बर्फ खरवडत जायचा. बारावर पोचेपर्यंत एक नंबर परत बंद. बोटं फुटून रक्त येत होतं. तरी थांबत नव्हता.

मी नुसती बघत होते.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

"उपेंद्र, सात नंबरला काय लावलंयस?"

"सगळ्यांना तेच."

"मग त्याच्यावर बर्फ का नाही?"

तो जवळ गेला. कडीला बोट लावलं आणि झटकन हात मागे घेतला.

"सुलू... ही कोमट आहे."

तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला. तो अधूनमधून आपोआप बंद व्हायचाच. पण त्या दिवशी जी शांतता पसरली...

टिक... टिक... टिक...

सात नंबरचं रीळ फिरत होतं. सावकाश. दोरी खाली चालली होती.

टाकी चार फूट खोल. मासे अजून आलेच नव्हते.

दोरी जात राहिली. दहा मीटर. वीस. पन्नास. रीळ रिकामं झालं, दोरी ताठ झाली आणि तशीच राहिली. हलेना. खालून कोणीतरी टोक धरून उभं असावं तशी.

"चल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

तो हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

तो भोकाशी गुडघ्यांवर बसला.

"जो भी हो, भाई," तो हिंदीत बोलू लागला, "बाकी ग्यारह भी सँभाल लो. सिर्फ गुरुवार तक. मेरी बीवी को देखो. इस हालत में कहाँ ले जाऊँ इसे?"

काहीच झालं नाही.

मग तो पार वाकला. तोंड पाण्याजवळ नेलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला. बराच वेळ. मला एक शब्दही ऐकू आला नाही.

त्याचं बोलणं संपलं... आणि दोरी सैल पडली.

मुनीर परत आल्यावर मी बाहेर उन्हात जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"भाभी, सात नंबर पे नूरुद्दीन बैठता था."

नूरुद्दीन पाइप फिटर. बर्फाखालचे पाइप त्यानेच टाकलेले. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना नोकरी गेल्याची पत्रं मिळाली, तेव्हा तो दिवसभर त्या जागी बसून होता. त्यानंतर कोणाला दिसला नाही. पोलिसांनी टाकी उपसून पाहिली. रिकामी होती.

"सब बोले, गाँव गया होगा," मुनीर म्हणाला. "लेकिन पासपोर्ट तो ऑफिस में पड़ा है."

गुरुवारी डेमो झाला. बारा रॉड, चाळीस मिनिटं. एकाही कडीवर बर्फाचा कण नाही. पाहुणा खूश. "परफेक्ट, हबीबी," म्हणत त्याने उपेंद्रची पाठ थोपटली.

त्या दिवशी उपेंद्रने रॉडना काहीच लावलं नव्हतं. ग्लिसरीनची बाटली माझ्या ओट्यावर होती.

व्हिसा वाचला. एप्रिलमध्ये अंतरा झाली. पुढच्या वर्षी ती शेड बंदच पडली, पण तोवर उपेंद्रला अबू धाबीत नोकरी लागली होती. आता आम्ही अल रीम आयलंडवर राहतो. चारी बाजूंनी समुद्र.

"त्या दिवशी काय बोललास त्याला?" मी कितीदा विचारलं.

"विनवण्या केल्या," एवढंच सांगतो आणि उठून जातो.

अंतरा आता आठ वर्षांची आहे. शाळेत स्विमिंग असतं. दर वर्षी फॉर्म येतो, उपेंद्र सही करत नाही.

"मम्मा, एव्हरीवन इज गोइंग. व्हाय नॉट मी?" ती परवा रडली.

मी म्हटलं, आण, मी करते सही. उपेंद्रने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"पाण्यात नको, सुलू," तो म्हणाला. "पाण्यात गेली तर तो परत देणार नाही."

त्या दिवशी भोकाशी वाकून त्याने काय कबूल केलं होतं, ते खरं सांगायचं तर विचारायची हिंमत झाली नाही.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख रविवार आहे. अंतरा रोज विचारते... आणि तिला काय सांगायचं, ते मला सुचत नाही.