यादीतला बारावा

शेगडीत अजून एक लाकूड सार, मित्या, आणि दोघंही इकडं सरकून बसा. ही गोष्ट माझ्या मित्राची, येफिमची आहे. तेवीस वर्षं आम्ही एकाच डेपोतून ट्रक हाकले. त्यानं ही हकिगत मला सोडून कुणाला सांगितली नाही.

दोन हजार सोळा सालची तेरा जानेवारी. जुन्या रशियन पंचांगाचं नवं वर्ष त्याच रात्री लागतं. प्रोखोर इलिच लागुतिन म्हणून एक निवृत्त सुभेदार होता, त्याला बहिणीकडं जेवायला जायचं होतं, बत्तीस किलोमीटरवर. थंडीनं त्याची गाडी चालू होईना, म्हणून येफिमला बोलावलं. मांडीवर धुरी दिलेलं बदक घेऊन तो शेजारी बसला. खुशीत होता.

वीसेक वर्षांपूर्वी डोंगरांत लढाई चालली होती, तेव्हा लागुतिन बदली जवानांच्या छावणीत होता. आघाडीवरच्या तुकडीत माणसं पडली की मागणी यायची, इतके पाठवा. हा यादी करून तितकी पोरं ट्रकमध्ये चढवायचा. बोलता बोलता तेही निघालं. एका रात्री बारा हवे होते, आणि बारावा होता त्याचा सख्खा भाचा. त्यानं ते नाव खोडलं. स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेल्या वेन्या झोरिनचं लिहिलं. पोरं अंधारात तुकडीत पोचली आणि उजाडायच्या आत संपली. तिथं कुणाला त्यांची नावंही कळली नव्हती.

"आज त्याच भाच्याबरोबर जेवायचंय," लागुतिन म्हणाला. "तीन मुलं आहेत त्याला. माझ्या जागी तूही हेच केलं असतंस."

वेन्या आमच्याच गल्लीतला. स्टेशनवरून त्याची सीलबंद शवपेटी आईच्या दारात येफिमनंच नेली होती. लागुतिनला ते ठाऊक नव्हतं.

अकराला वीस कमी. रेल्वे फाटक ओलांडलं. पुढं रस्त्यात माणसं उभी होती. दोन रांगा. लांब कोट, पाठीवर पिशव्या. येफिमनं ब्रेक दाबला. कुणी हललं नाही... कुणाच्याच तोंडातून वाफ निघत नव्हती.

"थांबू नकोस," लागुतिन पुटपुटला. "घाल अंगावर."

त्यांतला एक खिडकीशी आला. वेन्या. अजून एकोणीसचाच.

"प्रोखोर इलिच, यादीतला एक जण अजून आला नाही."

"मी... मी बारा दिले होते."

"बारावा मी नव्हतो. मी दुसऱ्याच्या जागी आलो. माझ्या जागी कोण येणार?"

लागुतिननं येफिमची बाही धरली. घट्ट. "गाडी काढ. बाबा रे, काढ..."

येफिमनं किल्ली फिरवली. इंजिन बंद केलं.

मग... दार उघडलं. थंडी आत आली. बाही सुटली. येफिम समोर बघत राहिला. बर्फावर बुटांचा आवाज. सगळे एका तालात, शेताकडं. एक जण मागं पडत होता. अडखळत होता. मग तोही तालात आला.

वेन्या त्यांच्याबरोबर गेला नाही. थोडा वेळ रस्त्यातच उभा राहिला... आणि आमच्या गल्लीच्या दिशेनं चालू लागला.

सकाळी लागुतिन शेतात सापडला, रस्त्यापासून किलोमीटरभर आत. बसल्या जागी गोठलेला. म्हातारा पिऊन भरकटला, असं पोलिसांनी लिहिलं. येफिमनं त्यांना एवढंच सांगितलं, की तो फाटकापुढं उतरला.

डॉक्टरनं प्रेताची टोपी काढली तेव्हा येफिम तिथंच होता. सत्तरीतही लागुतिनचे केस दाट होते, पांढरेशुभ्र. आता डोकं गुळगुळीत. भरतीच्या पहिल्या दिवशी पोरांचं करतात तसं, ताजं. कानामागं वस्तऱ्याची चीर, तिच्यावर रक्त गोठलेलं.

टोपीत, कॉलरवर, आजूबाजूच्या बर्फात... एक केसही नव्हता.