चूलबंद आवतण

त्या दिवशी वारं म्हणून नव्हतं. सन नव्व्याण्णवचा फाल्गुन सरत आलेला. सकाळचे दहाच वाजले होते, पण ऊन असं पांढरंफटक पडलेलं की जामखेडच्या स्टँडवर एसटीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. आभाळात ढग नाही, झाडाचं पान हलत नाही. लिंबाखाली चार कुत्री जीभ काढून पडली होती, पण भुंकत एकही नव्हतं.

सहादूबाबा एसटीतून उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि सावली धरत धरत काकासाहेबांच्या एसटीडी बूथाकडे निघाले. काम साधंच होतं. नातीनं बोलावलं होतं.

नात म्हणजे अश्विनी, त्यांच्या मुलाची, गोरक्षनाथची, थोरली. कॉम्प्युटरचा कोर्स करून ती या बूथात कामाला लागली होती. मागच्या बाजूला पडदा लावून काकासाहेबांनी एक कॉम्प्युटर मांडला होता. त्याला फोनची तार जोडली की तो कुर्रकुर्र ओरडायचा आणि मग, अश्विनी म्हणायची, त्यात सगळं जग दिसतं. तिनं त्या जगात आपल्या करंजवाडीचं एक पान उघडायचं ठरवलं होतं. पानाच्या माथ्यावर अमेरिकेतल्या एका कंपनीची जाहिरातीची पट्टी. येणाऱ्या माणसानं ती पट्टी दाबली की अश्विनीच्या नावावर पैसे. माणसं किती आली त्याचा आकडा पानाच्या तळाला आपोआप पडायचा.

"आबा, महिन्याला हजार मानसं आली ना, तर आई-अण्णाला पुढच्या साली कोयता हातात धरायची गरज न्हाई," ती म्हणाली. "चेतन शाळंत बसंल."

गोरक्षनाथ, त्याची बायको भागिरथी आणि धाकटा चेतन दिवाळीपासून ऊसतोडीला गेले होते, तिकडं प्रवरेच्या पट्ट्यात. घरात म्हातारा आणि नात, दोघंच. सहादूबाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण पोरगं या मातीत राहावं एवढं कळत होतं.

"मग मी काय करू?"

"डोळे मिटा. मारुतीच्या पारापासून निघा. आवतन द्यायला चाललाय असं समजा. घरं सांगत चला, मी लिहिते. गावची मानसं पुन्याला हायत, दुबईला हायत. आपल्या घराचं नाव दिसलं की मानूस थांबतोच."

काकासाहेब गल्ल्यावरून ओरडले, "बाबा, आवतन अमेरिकेला चाललंय! आमटीत पानी जरा जास्तीचं वता!"

आता करंजवाडीत लग्न असो, बारसं असो, घरोघर फिरून जेवायचं आवतण द्यायचं ते सहादूबाबांनीच. चाळीस वर्षं झाली. कागद नाही, यादी नाही; सगळी घरं पायांत. घरटी एक माणूस बोलवायचा तर तसं सांगायचं, आणि सगळं घर बोलवायचं तर म्हणायचं 'चूलबंद'. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. एकदा तोंडातून गेलेलं आवतण मागं घ्यायची रीत नव्हती. आणि जो जेवून जायचा तो पुढं कधीतरी आपलं आवतण उलट घेऊन यायचाच.

बाबांनी डोळे मिटले आणि चालायला लागले. "गहिनीनाथाचं, चूलबंद. छगनचं, चूलबंद. बोळातून आत... सूर्यभानचं. मग रंगुबाईचं. लिंबाला वळसा घालून... वाल्मिकचं, चूलबंद."

बोलले आणि गप्पकन थांबले. तोवर अश्विनीची बोटं फिरली होती.

वाल्मिकच्या घराला चार वर्षं कुलूप होतं. तो, बायको आरती आणि दोन पोरं ऊसतोडीहून परत येताना कोल्हारच्या पुढं त्यांची ट्रॉली कालव्यात गेली. चौघांतलं एकही वाचलं नाही. जाताना घराची किल्ली तो सहादूबाबांकडं देऊन गेला होता. "तात्या, ठिवा. आलो की घेतो," म्हणाला होता. सारा गाव त्यांना बाबा म्हणायचा. तात्या म्हणणारा तो एकटाच. किल्ली अजून बाबांच्या खुंटीवर होती. एरवी फिरताना ते गंजलं कुलूप दिसायचं आणि पाय आपसूक पुढं व्हायचे. पण खुर्चीत बसून, डोळे मिटून कुलूप कुठलं दिसणार?

"खोडू का, आबा?" अश्विनीनं हळू विचारलं.

खोड म्हणायचं बाबांच्या ओठावर आलं होतं. पण वाल्मिकच्या धाकट्या पोरीचं बोट धरून त्यांनी तिला पारापर्यंत कितीदा नेलं होतं... "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नाव तरी ऱ्हाईल."

अश्विनीनं सगळ्या नावांच्या वर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाकली: या सगळ्या घरांना चूलबंद आवतण. या.

दोन दिवस ती जगभर चिठ्ठ्या पाठवत बसली, आमच्या पानावर या म्हणून. आकडा हलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला तो चारनं वाढला. पोरगी घरी आली ती नाचतच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा वाजता, पुन्हा चार. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. ना तीन, ना पाच.

पानाखाली वहीसारखी जागा होती. आलेल्यानं नाव-गाव टाकून दोन शब्द लिहायचे. गुरुवारी त्यात कुणीतरी लिहिलं, 'आवतण पोचलं.' नाव नाही, गाव नाही. शुक्रवारी लिहिलं, 'जेवण कुठं?'

"पुन्याचं कुनीतरी टारगट असंल," अश्विनी हसत म्हणाली.

बाबा हसले नाहीत. शनिवारी सकाळी ते तिच्याबरोबर एसटीत जाऊन बसले.

बूथात पोचले तर काकासाहेब हातवारे करत होते. रस्ता खणताना कुणाच्या तरी कुदळीनं फोनची तार तुटली होती. सगळी पेठ मुकी. "दिसभर आता माशा मारा," म्हणून ते जेवायला घरी गेले. पडद्यामागं आजा-नात दोघंच राहिली. कालचं पान काचेवर तसंच होतं.

"लाईन न्हाई म्हनल्यावर आज आकडा हलायचा न्हाई," अश्विनी म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांवर आले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा अंगाला लागेना. आणि हळूहळू एक वास आला. गोडूस, आंबूस, कुजल्यासारखा. बाबांनी तो ओळखला. साखर कारखान्याच्या मळीचा वास. जामखेडपासून दहा-दहा कोसांत कुठं कारखाना नव्हता.

"आबा..."

काचेवरचा आकडा चारनं वाढला होता.

अश्विनीनं फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं तो बाबांपुढं धरला. बाबांनी ऐकलं. आत ना टोन, ना खरखर. नुसतं पाणी वाहत होतं... भरल्या कालव्याचं, काठाला घासत जाणारं जड पाणी. आणि त्या पाण्यात कुणीतरी लहान खोकलं.

बाबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"वहीत काय लिव्हलंय का बघ."

अश्विनीनं बघितलं. तिला वाचवेना. मग एकेक शब्द सुटा करून वाचला, "तात्या... पोरं... भुकेली... हायत."

"खोड त्याचं नाव, बाई," बाबा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता खोड."

"लाईन आल्याबिगर खोडता येत न्हाई, आबा."

चार वाजता लाईन आली. कॉम्प्युटर कुर्रकुर्र ओरडला. अश्विनीनं वाल्मिकचं नाव खोडलं आणि पान पुन्हा उघडलं. नाव गेलं होतं. पण वहीत नवी ओळ होती.

'दिल्यालं आवतण मागं घेत न्हाईत, तात्या.'

रात्रभर बाबांनी कूस बदलून काढली. सकाळी उठले ते ठरवूनच. ज्यानं बोलावलं त्यानं वाढायचं, त्यात मागंपुढं काय बघायचं? अश्विनीकडून पिठलं करून घेतलं, बाजरीच्या भाकरी करून घेतल्या, वर कांदा, मिरचीचा ठेचा. पोरांसाठी गुळाचा खडा. "मी पन येते," पोरगी म्हणाली. "तू उंबऱ्याच्या बाहीर पाय टाकायचा न्हाई," बाबा म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही, पण ती जागची हलली नाही.

बाराला थोडा वेळ होता. बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली, लिंबाला वळसा घातला आणि कुलपाला हात लावला. वाटलं होतं गंजून बसलं असेल. ते पहिल्या वळशाला निघालं.

आत चार वर्षांची धूळ. चुलीवर कोळ्याचं जाळं. बाबांनी जागा झाडली, चार पत्रावळी मांडल्या, सगळं सारखं वाढलं. मग उंबऱ्यात येऊन घराकडं पाठ करून बसले आणि नेहमी म्हणायचे तसंच म्हणाले, "या. बसा. सावकाश व्हऊ द्या."

आधी काहीच नव्हतं. मग तो वास आला, मळीचा. मग थेंब. टप... टप... वाळलेल्या मातीवर. ओल्या कापडांची सळसळ झाली, जणू पिळून न घेतलेलं लुगडं कुणी सावरत खाली बसलं. भाकरी मोडल्याचा आवाज बाबांना अगदी नीट ऐकू आला. त्यांच्या सदऱ्याला मागून कुणीतरी धरलं, लहान मुठीनं. गार. पोरगी पारावर जायची तेव्हा अशीच धरायची. बाबांनी मागं बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी मात्र खाली आलं.

"पोटभर जेव, बाई," ते पुटपुटले. "आनि जा आता..."

मूठ सुटली. बराच वेळ गेला. ऊन उंबऱ्यावरून सरकलं तेव्हा ते उठले. चारही पत्रावळी निगुतीनं दुमडून ठेवल्या होत्या, जेवून उठलेला पाहुणा ठेवतो तशा. जमिनीवर चार जागी ओल होती, गाव महिनाभर टँकरचं पाणी पीत असताना. बाबांनी कुलूप लावलं आणि घरी येऊन आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी बाराला आकडा हलला नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी सांजच्याला दुबईहून गावच्या कुणाचं खरंखुरं पत्र वहीत आलं, नाव-गावासकट: 'आमच्या घराचं नाव वाचून डोळे भरले.' त्यानं आणखी दहा जणांना सांगितलं, त्यांनी आणखी दहांना. बुधवारी दुपारी काकासाहेब स्वतः मोजायला बसले. "पोरी, हे चाल धरतंय बरं का!" म्हणाले.

आणि त्याच बुधवारी बूथावर फोन आला, कोल्हारहून. गोरक्षनाथ होता. हंगाम संपला, आजच दिवस मावळायच्या आत ट्रॉली निघणार, उद्या दुपारपर्यंत गावात. अश्विनीनं फोनमध्येच ओरडून सांगितलं, "अण्णा, आता परत जायाचं न्हाई! कायमचं घरी यायचं!" पलीकडून चेतन ओरडला, "ताई, मला वही घेऊन ठिव!" बाबांनी फोन घेतला आणि नुसतं "या. जपून या," एवढंच म्हणाले.

शेवटच्या एसटीनं दोघं करंजवाडीत उतरली. दिवे लागायची वेळ. वारं तसंच पडलेलं. अश्विनी दुकानाकडं पळाली, उद्याच्या पुरणाची डाळ आणायला. बाबा आपले हळूहळू चालत होते. आज पायांना जड वाटत नव्हतं. ट्रॉली आता कुठवर आली असेल, राहुरीच्या आसपास असेल का, असा मनाशी हिशेब चालला होता.

शेजारच्या खोलीत आठ दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्याची नर्स राहायला आली होती, सायली. श्रीरामपूरकडची. गावात तिला कुणी ओळखीचं नव्हतं, गावाचं मागचंपुढचं काही ठाऊक नव्हतं. ती बाबांच्या दारातच वाकली होती, हातात पोतेरं. उंबऱ्यावर काहीतरी पुसत होती. बाबांना बघून ती सरळ झाली, हसली.

"बरं झालं आलात, बाबा. दुपारी बाराच्या सुमाराला तुमच्याकडे पाहुणे आले होते. नवरा-बायको आणि दोन लेकरं. बसा म्हटलं, तर बसले नाहीत; उभ्या उभ्याच सगळा उंबरा ओला करून गेले, मघापासून पुसतेय, वाळतच नाही. निरोप ठेवलाय तुम्हाला. म्हणाले, तात्यांना सांगा, आम्ही तुमच्याकडे जेवलो, आता तुम्हाला आमचं आवतण. उद्या, चूलबंद. आणि म्हणाले, गोरक्षनाथची वाट बघू नका, ते तिघं आम्हाला वाटेतच भेटणारेत, त्यांना आम्ही बरोबर घेऊन जातो... गोरक्षनाथ म्हणजे तुमचा मुलगा ना, बाबा?"