कडी बाहेरून लावलेलं घर

"साहेब, झाई गावात घर पेटलंय. आतून माणूस ओरडतोय. आणि कडी बाहेरून लावलीय!"

फोन ठेवून उपनिरीक्षक शैलेश राऊत धावला, पण तो पोचेपर्यंत म्हाताऱ्या बायजीच्या घरात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुडाचं घर, वैशाखातली दुपार आणि खाडीवरून सुटलेला वारा. शेजारच्या रिसॉर्टचे पाहुणे कुंपणाला टेकून मोबाइलवर शूटिंग करत होते. शैलेशने आधी त्यांना हाकललं.

मागच्या खोलीत, भाताच्या कणगीच्या आडोशाला, जिव्याचा मृतदेह सापडला. हा रिसॉर्टांच्या चादरी धुणारा माणूस. धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं, मग भाड्याची खोलीही सुटली. तेव्हापासून तो गावच्या एसटी थांब्यावर झोपायचा. दाराचा कोळसा झाला होता, पण लोखंडी कडी कोयंड्यात तशीच अडकलेली होती.

बायजी अंगणातल्या सुरूच्या झाडाखाली बसली होती.

"कडी कोणी लावली, मावशी?"

"मीच." तिचा आवाज बसला होता. "त्याला ताप भरलेला, साहेब. थांब्यावर ऊन लागतं म्हणून घरात निजवला. मी ताडगोळे विकायला किनाऱ्यावर गेले. कुत्री शिरतात म्हणून कडी लावली."

"तो आत आहे हे कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाय."

"तुमच्या मुलाला?"

"शुक्रा पहाटेच तलासरीच्या नाक्यावर गेलेला, मजुरी बघायला."

म्हणजे जाळणाऱ्याचं वैर जिव्याशी नव्हतंच. त्याला घर नको होतं.

शैलेश उठला तेव्हा डोक्यावरची टोपली त्याला लागली. फांदीला टांगलेली, स्वच्छ फडक्यात बांधलेली. आतून मोरपिसं डोकावत होती. त्याने हात पुढे केला.

"हात नका लावू!" बायजी कळवळली. "टोपलीत आमचा कुळीचा हिरवा देव हाय. घरच्या माणसाबिगर कोणी उचलत नाय त्याला. नवं घर होईस्तोवर अंगणातच ऱ्हायचा."

आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

गावाचं बोट रिसॉर्टवाल्या श्यामकांत शेठकडे होतं. त्याच्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर वारली नाच झोकात रंगवला होता. कामाला मात्र गावातलं कुत्रंही नव्हतं.

"बायजीची जागा तुम्हाला हवी होती ना?"

"हवी होती. लपवत नाही, साहेब. म्हातारी ऐकेना, म्हणून पोराशी बोललो. जागा मोकळी होऊ दे, तुला वॉचमन करतो, मागची खोली देतो, म्हटलं. पण आग? सगळे कॉटेज भरलेत. वारा फिरला असता तर मीच रस्त्यावर आलो असतो!"

शैलेशला तो माणूस मनापासून आवडला नाही. पण तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेश पुन्हा अंगणात आला. शुक्रा आईशेजारी बसला होता. पंचविशीचा, खांदे पडलेला. तोही एका हॉटेलात खोल्या झाडायचा. मालकाने एजन्सीची माणसं आणली आणि याला घरी बसवलं.

"काल नाक्यावर काम मिळालं?"

"नाय. अंधार पडेपर्यंत उभा होतो."

"मावशी, देव झाडावर कोणी टांगला?"

"मीच. निघताना." उत्तर फार लवकर आलं.

"तापाने फणफणलेला माणूस आत निजवलात आणि देव बाहेर काढलात?"

बायजीची नजर लेकाकडे गेली.

"टोपलीवर काजळीचा ठिपका नाही," शैलेश म्हणाला. "आग लागायच्या आधीच देव बाहेर आला. ज्याने काढला त्याला घर जळणार हे ठाऊक होतं. परका माणूस देव कशाला वाचवेल? घरची माणसं तुम्ही दोघंच."

"मीच पेटवलं," बायजी दोन्ही हात पुढे करून म्हणाली. "माना न्या."

"तुम्ही पेटवलं असतं तर आधी जिव्याला उठवलं असतंत."

मग तो शुक्राकडे वळला. "तू नाक्यावरून दुपारीच परतलास. कडी बाहेरून लावलेली दिसली, म्हणजे घर रिकामं, असं धरून चाललास. देव काढलास, झाडाला टांगलास, कडी पुन्हा लावलीस आणि काडी ओढलीस. घरच नसलं की आई शेठच्या खोलीत येईल. तुला नोकरी, तिला छप्पर. पण एक मला कळत नाही. आत शिरलास तेव्हा एकदा हाक का मारली नाहीस?"

शुक्राचा चेहरा पार उतरला.

"देव हलवताना बोलायचं नसतं, साहेब. कोणाला हाक मारायची नाय, मागं बघायचं नाय. बापानं तसंच शिकवलंय. मी तोंड दाबून देव उचलला नि बाहेर पडलो. काडी लावली नि पळालो." तो हमसून रडू लागला. "जिव्याकाकानं माना पोहायला शिकवलेलं. एक हाक मारली असती तर ओ दिली असती त्यानं."

बायजीने लेकाच्या पाठीवर हात ठेवला. झाडावरची टोपली पाहिली त्याच क्षणी तिला सगळं उमगलं होतं. काल दुपारपासून ती एकटीच ते पोटात घेऊन बसली होती. शैलेशला तिची नजर सोसवेना.

शैलेशला मागे ठेवून जीप शुक्राला घेऊन निघाली. बायजीने तिकडे पाहिलं नाही. तिने राख बाजूला सारली, शेजारून पाटीभर शेण आणलं आणि जळक्या जोत्याचा एक तुकडा सारवायला घेतला. माणूस आडवा मावेल एवढा.

"हे कशाला, मावशी?"

"जिव्याचं कोण हाय? मेल्यावर माणूस घरातनं उचलायचा असतो, साहेब. थांब्यावरनं कसा उचलू?"

तेवढ्यात शैलेशचा फोन वाजला. सरकारी दवाखान्यातून विचारत होते, शवविच्छेदन झालंय, मृतदेह कुठे पाठवायचा, पत्ता सांगा.

शैलेशने जोत्याकडे पाहिलं. चार काळे खांब आणि वर मोकळं आभाळ. बायजीचा हात ओल्या शेणावरून गोल गोल फिरत होता.

"झाई," तो म्हणाला. "बायजीच्या घरी पाठवा."