चार दहाचा फोन

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चार नंबरच्या कंटेनरला कान लावून उभा होता. पाऊस भुरभुरत होता, डोक्यावर छत्री नव्हती आणि चेहरा असा, जणू आतून कुणी गुपित सांगतंय. बॅटरी यार्डात परका माणूस दिसला की आधी संशय घ्यायचा आणि मग नाव विचारायचं, अशी तिची पद्धत होती.

"काय ऐकताय?"

"पंखे..." तो दचकला. "तुमचा चार नंबर फारच गप्प आहे."

आवाज ऐकताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गेले चौदा दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नियंत्रण कक्षातून फोन करणारा तो हाच! ग्रिड शांत असताना 'दोन मेगावॉट द्या, पाच मिनिटं' म्हणणारा; आणि तेही फक्त तिच्याच पाळीत. फोनवरचा प्रत्येक हुकूम ऐकणाऱ्याने शब्दन् शब्द परत म्हणायचा, समोरच्याने 'बरोबर' म्हटलं की मगच बटण दाबायचं, असा नियम होता. ती नियमाला जागायची. वर आपल्या वहीतून प्रत्येक कंटेनरचा व्होल्टेजही वाचून दाखवायची, कुणी न विचारता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. बॅटऱ्यांनी भरलेले बारा कंटेनर, विजेचा तोल गेला की क्षणात सावरणारे. ते ठेवायचे की मोडीत काढायचे, हे महिनाअखेरीला नियंत्रण कक्षाच्या अहवालावर ठरणार होतं. तिचं आधीचं यार्ड एका गोडबोल्या साहेबाच्या अहवालानेच बंद पडलं होतं. त्या साहेबाला तिने स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

तिने पास मागितला. त्याने दाखवला. सही-शिक्का अगदी खरा निघाला, त्यामुळे तिला जास्तच राग आला.

"तुमचा मीटर खोटं बोलतो, मॅडम," तो म्हणाला. "बॅटरीत शिल्लक आहे त्यापेक्षा कमी दाखवतो."

"मीटर खोटा आणि तुम्ही तेवढे खरे?"

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. ती आपण पाहिलीच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

तो गेल्यावर गेटवरचे मामा म्हणाले, पोरगा बरा वाटतो हो. मागचे साहेबही बरेच वाटले होते, असं सांगून तिने मामांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी चार दहाला फोन आला नाही. अहवाल लिहून मोकळा झाला असणार, ती मनाशी म्हणाली. तरी तिने घड्याळाकडे तीनदा पाहिलं.

चार बावीसला भोंगा वाजला. कुठलंसं मोठं वीजकेंद्र एकाएकी बंद पडलं होतं आणि ग्रिडच्या वारंवारितेचा पन्नास हर्ट्झवरचा काटा घसरत चालला होता. पाठोपाठ फोन.

"वीस मेगावॉट, पंधरा मिनिटं. तोवर धरणावरची यंत्रं सुरू होतील."

"मीटर नऊ मिनिटांचीच शिल्लक दाखवतोय."

"माझं गणित अठरा सांगतं."

तिचा हात थांबला. मधेच बॅटऱ्या संपल्या तर अर्धं शहर बंद पडेल आणि यार्डही जाईल. नाही म्हटलं, तर ऐनवेळी कामाला न येणारं यार्ड ठेवणार कोण? सापळाच असेल, तर फार सुबक लावला होता.

"ऐका," तो भराभर बोलू लागला. "रोज थोडी वीज काढून मी मीटर तपासत होतो. बाकीच्या पाळ्या स्क्रीनवरचा टक्का सांगतात. व्होल्टेज तुम्ही एकट्या वाचता. माझं सगळं गणित तुमच्या आकड्यांवर आहे. माझ्यावर नाही, तुमच्या वहीवर तरी विश्वास ठेवा."

तिने वहीकडे पाहिलं. "वीस मेगावॉट, पंधरा मिनिटं."

"बरोबर."

नवव्या मिनिटाला मीटर शून्यावर आला. तिची नजर व्होल्टेजवर होती आणि तो आकडा ढासळला नाही. दहा... अकरा... फोनवर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पंधराव्या मिनिटाला काटा पन्नासवर स्थिर झाला.

पण संशयी स्वभाव असा सहजी जातो होय?

"तुमचं गणित किती दिवसांत जुळलं?" तिने विचारलं.

"दहा."

"मग पुढचे चार दिवस फोन कशाला केलेत?"



"त्याचं कारण अहवालात लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही हुकूम परत म्हणता ना... तो आवाज ऐकल्याशिवाय दिवस पुरा व्हायचा नाही. चुकलंच माझं. काल तुम्हाला पाहिल्यावर लाज वाटली, म्हणून आज फोन केला नाही. यार्ड राहू द्यावं, असं मी सकाळीच कळवलंय. तुम्ही माझी तक्रार केलीत तरी ते बदलणार नाही."

"हा फोन रेकॉर्ड होतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर एवढं बोलणाऱ्याने स्वतःला पळवाट ठेवलेली नसते, हे तिला कळत होतं. तिला हसू आलं, आणि ते आवाजात उतरू नये म्हणून तिने रिसीव्हर क्षणभर लांब धरला.

"एक हुकूम घ्या," ती म्हणाली. "उद्या, संध्याकाळी पाच वाजता, यार्डाच्या गेटवर. चहा तुम्ही आणायचा. परत म्हणा."

"उद्या... संध्याकाळी पाच वाजता... यार्डाच्या गेटवर. चहा मी आणायचा."

तिने त्याला थोडं ताटकळत ठेवलं.

"बरोबर," ती म्हणाली.