डावी पापणी

ड्रायव्हर ऑपरेशनच्या टेबलावर चढला तोच मुळी सहलीला निघाल्यासारखा. पहिल्या ऑपरेशनने त्याची डावी पापणी उचलायची सोडून आणखीच खाली बसवली होती. डेपोने बस काढून घेऊन त्याला तिकीट खिडकीत बसवलं. पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी होती. पास झाला तर बस, नाही तर जन्मभर खिडकी!

नव्या डॉक्टरबाईंनी तीन वाटा सांगितल्या होत्या. थेंब घातले तर पापणी काही तास वर राहील. चष्म्याला आतून तारेचा टेकू लावता येईल. नाही तर स्नायू पुन्हा आवळायचा.

"टेकू द्यायला मी काय मोडकं छप्पर आहे? आवळा, बाई!" तो म्हणाला, तेव्हा बायकोलासुद्धा हसू आलं होतं.

भूल फक्त पापणीपुरती होती. एक टाका घालायचा, त्याला उठवून बसवायचं, उंची बघायची, पुन्हा आडवं करायचं.

"बसा. समोर बघा." नर्सने त्याचा उजवा डोळा झाकला.

भिंतीपाशी दोन काळे बूट दिसले. दिसले! त्याला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या टाक्यानंतर गुडघे दिसले, आणि पोटावर जुळवलेले हात.

"भिंतीपाशी कोण उभंय?"

"कोणी नाही हो. आपण तिघंच," नर्स म्हणाली.

त्याने जीभ चावली. नसलेली माणसं दिसतात म्हटलं तर बस गेलीच की!

तिसऱ्या टाक्याला हनुवटी दिसली. आता ते भिंतीपाशी नव्हतं, अलीकडे आलं होतं.

"अजून अर्धा मिलिमीटर हवा," बाई म्हणाल्या. "की राहू दे?"

पण इथवर येऊन माघार?

"चढवा!"

चौथ्यांदा बसला. भिंत रिकामी! वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्पष्ट. सुटलो बुवा!

"अगदी बरोबर जुळलं," बाई खुशीत म्हणाल्या. "बस तुमचीच समजा. आता दोन्ही डोळे मिटा. डावा पुरता मिटणार नाही, थोडे दिवस फट राहील."

त्याने मिटले. फट राहिली.

फटीत एक अंगठा आला आणि त्या अंगठ्याने पापणी हळूच खाली ओढून बसवली. पापणी बधिर होती, पण गालावर टेकलेला थंड तळवा त्याला कळत होता.

"अरे वा! पुरता मिटला की!" बाईंचा आवाज लांबून आला. "उघडा आता."

त्याने उजवा उघडला. बाई बेसिनपाशी हात धूत होत्या. नर्स दाराशी ट्रे घेऊन उभी होती.

"डावाही उघडा."

गालावरचा तळवा हलला नाही.