तीन उताणे शिंपले

थंडीत समुद्रावर हौसेने कुणी जात नाही. वारा कानात शिरतो, नाक गळतं, आणि धुकं इतकं की स्वतःचीच चप्पल शोधत बसावं लागतं. पण शिंपले हवे असतील तर थंडीतच जायचं. वादळं तळ ढवळून जातात आणि एरवी कधी न दिसणारे तळहाताएवढे पांढरे शिंपले ओहोटीला वाळूवर पडलेले असतात. म्हणून धाकटी जायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. बाई पंचेचाळिशीला आली होती, आणि जिच्यामुळे ती धाकटी ठरली होती त्या ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी नाव काही बदललं नाही.

दोघी बहिणींचा धंदा आरशांच्या चौकटींचा. शिंपले वेचायचे, धुवायचे, आकाराप्रमाणे लावायचे आणि आरशाभोवती चिकटवायचे. ताई पुढे, धाकटी मागे, कधी उलट, अशा वीस वर्षं त्या एकाच किनाऱ्यावर फिरल्या. धुक्यात माणूस दिसत नाही आणि लाटांपुढे हाक ऐकू जात नाही, म्हणून ताईने एक खूण काढली होती. पुढे गेलेलीने तीन शिंपले ओळीने मांडायचे. पालथे मांडले तर अर्थ असा की इथलं झालं, तू पुढे जा. उताणे मांडले तर, थांब, मी येते. उताणे दिसले की पाऊल हलवायचं नाही, मग आभाळ कोसळो. याला कारण होतं. एकदा धाकटीने उताण्यांकडे काणाडोळा केला होता आणि पुढच्या चिखलात कमरेपर्यंत रुतली होती. ताईने तिला केसांना धरून ओढून काढलं आणि मग दोन मुस्काटात ठेवून दिल्या. तेव्हापासून खूण म्हणजे खूण.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट, जी गावभर ठाऊक होती. ताई काळ्या खडकावर भरतीत सापडली. खडक किनाऱ्यापासून लांब, भरती आली की चहूकडून पाणी. एका होडीवाल्याने तिला धुकं विरळ झालं तेव्हा लांबून पाहिलं. गुडघाभर पाण्यात बाई शांत उभी. त्याने बोंबलून बोंबलून घसा फोडला, तर तिने नुसता हात वर केला, जणू काही म्हणत होती, असू दे, मी आहे बरी. होडी वळवेपर्यंत खडकावर कुणी नव्हतं.

पोहणारी बाई, भरतीची वेळ तोंडपाठ असणारी बाई. ती का उभी राहिली? गावाने उत्तर शोधून काढलं. त्या सकाळी तिचं नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं होतं. भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर डिंक सांडला, तेव्हा ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडले होते, "तुझ्या त्या शिंपल्यांतच जाऊन राहा एकदाची!" झालं. बाई गेली ती नवऱ्याच्या शब्दापायी, असं ठरलं. भावजींनीही ते निमूटपणे मान्य केलं. दुकान उघडायचे, पण घड्याळाला हात लावायचे नाहीत. धाकटी रोज डबा घेऊन जायची, ते चार घास खायचे आणि म्हणायचे, "मी तिला मारलं गं." धाकटी म्हणायची, "जेवा भावजी."

कारण खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. त्या दिवशी ती पुढे होती. काळ्या खडकावर शिंपल्यांचा हा एवढा ढीग पडलेला दिसला, टोपली भरली, दुसरी टोपली आणायला हवी होती. तिने तीन शिंपले उताणे मांडले आणि घरी आली. घरी आरसे न्यायला दुकानदार येऊन बसलेला. गप्पिष्ट माणूस. चहा झाला, त्याच्या सासूच्या गमती झाल्या, धाकटी पोट धरधरून हसली. हसता हसता नजर घड्याळाकडे गेली तेव्हा भरती लागून तास झाला होता. ती धावत सुटली, पण किनाऱ्यावर तोवर माणसं जमली होती. तिथे तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग दिवस उलटत गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. भित्री होती ती, दुसरं काय!

या हिवाळ्यात पोटासाठी पुन्हा वेचायला जाणं भाग होतं. पहिल्याच सकाळी काळ्या खडकावर तिला तीन शिंपले दिसले. उताणे. ओळीने.

कुणीतरी चाळा केला असेल, असं म्हणून तिने एक उचलला. आतून स्वच्छ होता, वाळूचा कण नाही. ताईची सवय होती ती, मांडण्याआधी आतून अंगठ्याने पुसायची. धाकटीने तिन्ही शिंपले पालथे केले आणि जास्त वेचत न बसता परतली. हात गारठले होते, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते फुटक्या होडीपाशी होते. म्हणजे घराकडे दोनशे पावलं अलीकडे. तिसऱ्या दिवशी वाळू संपते तिथल्या दगडी पायऱ्यांवर. ती रोज पालथे करायची आणि रोज नवे उताणे असायचे. चौथ्या दिवशी ती गेलीच नाही, दाराला कडी लावून चौकटी चिकटवत बसली. दुपारी कचरा टाकायला दार उघडलं तर तीन शिंपले उंबऱ्यावर. ओले.

 थांब, मी येते. दुसरा काही अर्थच नव्हता त्याचा. पायात चपला अडकवून ती तडक भावजींच्या दुकानी गेली.

दुकानात सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली. भावजी काउंटरमागे बसले होते, डोळ्याला भिंग लावून, समोर काहीच नसताना.

"आज डबा नाही आणलास?"

"भावजी, ताई तुमच्यामुळे नाही गेली."

"पुन्हा सुरू करू नकोस."

"ऐका तरी! मी थांब म्हणाले होते म्हणून ती थांबली..."

एकदा तोंड उघडल्यावर तिने काही हातचं राखलं नाही. खूण, टोपली, चहा, दुकानदाराची सासू, सगळं सांगितलं. आपण हसत होतो तेसुद्धा. भावजींनी भिंग काढून खाली ठेवलं.

"वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभर मला जेवायला वाढत होतीस आणि गप्प होतीस. मी रात्र रात्र भिंतीकडे बघत पडायचो, ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग माणूस आहेस का कोण आहेस तू?"

 धाकटी मान खाली घालून रडत उभी राहिली. ऐकून घ्यायला हवं, इतकं तरी आपण करायला हवं, असं तिला वाटत होतं. भावजी उठले. तिला वाटलं आता बाहेर काढतात. पण त्यांनी खणातून एक पिशवी काढून काउंटरवर रिकामी केली. पांढरे शिंपले, पंधरा-वीस तरी.

"मग हे कशासाठी ठेवत होतीस? माफी म्हणून?"

"मी... मी नाही ठेवले."

"आठवडा झाला. रोज सकाळी उंबऱ्यावर तीन. मी म्हटलं तूच ठेवत असशील, तिची आठवण म्हणून. बरं वाटायचं, म्हणून विचारलं नाही."

धाकटीने एक उचलला. आतून स्वच्छ होता. तिने तो काचेवर परत ठेवला.

"कसे असायचे, भावजी? उताणे... की पालथे?"

भावजींनी तीन शिंपले घेतले आणि सकाळी दिसायचे तसे काचेवर मांडून दाखवले. पालथे. तिन्ही पालथे. मांडता मांडता त्यांचा हात थबकला. खुणांचा अर्थ त्यांना आत्ताच तर कळला होता.

"इथलं झालं," ते हळूच म्हणाले. "पुढे जा."

आणि तो माणूस लहान मुलासारखा ढसाढसा रडला. रडून झाल्यावर नाक पुसून त्याने भिंतीवरचं मोठं घड्याळ खाली काढलं, किल्ली दिली, काटे जुळवले. वर्षाने त्या दुकानात टिकटिक ऐकू आली. मग जणू आत्ता आठवलं तसं त्यांनी विचारलं, "आणि तुला? तुला मिळाले का?"

"मिळाले ना."

"कसे?"

धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. भावजींचा चेहरा कितीतरी दिवसांनी माणसात आल्यासारखा दिसत होता.

"तुमच्यासारखेच," ती म्हणाली. "पालथे."

ती घरी निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. धुकं रस्त्यावर चढलं होतं. खरं सांगून मन हलकं झालं होतं, आणि कुठेतरी आशाही होती की आता भागेल, ताईला हवं होतं ते झालं. उंबरा रिकामा दिसला तेव्हा तिने हुश्श केलं. कुलूप काढलं, आत आली, दिवा लावला.

शिंपले कामाच्या टेबलावर होते. अर्ध्या चिकटवलेल्या आरशासमोर, ओळीने, उताणे. आरशातही तीन दिसत होते. प्रत्येकात तळाशी थोडं पाणी होतं.

आता कुणीही म्हणेल, पळायचं ना बाई! तिलाही वाटलं. दारापर्यंत गेलीही. पण पालथ्या घातलेल्या किती खुणा गेल्या चार दिवसांत फुकट गेल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे, ताई पळाली नव्हती. गुडघाभर पाण्यात उभी राहिली होती, धाकटीच्या शब्दावर. धाकटीने स्टूल ओढलं आणि टेबलासमोर बसली.

भिंतीवर भरतीचं वेळापत्रक टांगलेलं होतं. आजची पूर्ण भरती सहा वाजून दहा मिनिटांनी. तिने पुन्हा शिंपल्यांकडे पाहिलं. पाणी तळाशी राहिलं नव्हतं, निम्म्यावर आलं होतं. खिडक्या बंद होत्या. छप्पर कोरडं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी आहे गं इथेच. थांबलेय."

सहाला पाच कमी असताना पहिला शिंपला काठोकाठ भरला आणि पाणी टेबलावरून ओघळून तिच्या पावलांवर पडलं. गार होतं, आणि त्यात वाळू होती.