पाहुणीच्या हातचा चहा

"बसा हो, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," असं त्या गोऱ्या बाईला चक्क मराठीत बजावून सुलभाबाई खुर्चीचा हात धरून उठल्या, आणि सोफ्याच्या कडेला टेकलेली नीला त्यांना धरायला अर्धवट उठली.

गोरी बाई म्हणजे हेदर. घरातल्या आजारी माणसाला काय काय जमत नाही हे पाहायचं आणि त्याप्रमाणे सरकारी मदतनीस मंजूर करायची, हे तिचं काम. सुलभाबाई म्हणजे नीलाच्या सासूबाई. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि तेव्हापासून त्यांची अंघोळ, वेणी, साडी, अगदी पोळीचे तुकडे करून देण्यापर्यंत सगळं नीलाच करत होती. मग आज त्यांनी काय करावं? सकाळपासून घर डोक्यावर घेतलं! व्हॅक्यूम फिरवायला लावला, चिवड्याचा डबा काढायला लावला, काठाची साडी नेसवून घेतली, टिकली सरळ आहे ना म्हणून आरशात दोनदा पाहिलं. जणू घरात पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. उजवा हात मात्र पदराखाली नीट झाकून घेतला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं जन्मभराचं वाक्य.

चहा नीलाने आधीच उकळून गाळून ठेवला होता. सुलभाबाईंनी तो डाव्या हाताने ओतला, ट्रे कमरेशी टेकवला आणि पाय ओढत, पण चेहऱ्यावर हसू ठेवून त्या निघाल्या. ट्रेमधले कप एकमेकांवर किणकिणत होते... आणि तेव्हा नीलाच्या मनात नको ते आलं. पडू दे. एक कप तरी पडू दे, देवा... कळू दे या बाईला काय ते!

पण कप पडला नाही. हेदरने तो दोन्ही हातांनी घेतला, "यू आर डूइंग सो वेल, सुलभा," म्हणाली आणि मनापासून कौतुकाने हसली. पाठोपाठ तिने एकेक विचारलं. अंघोळ? जमते. कपडे? जमतात. जेवण? ते तर काय, मीच करते. प्रत्येक उत्तर इंग्रजीत करून सांगताना नीलाची जीभ जड होत होती. पण सासू सगळं जमतं म्हणत असताना सुनेने परक्या बाईपुढे कसं म्हणावं, की नाही हो, यांना पदरही सावरता येत नाही? आपल्याकडे कुठली सून म्हणेल? त्या संध्याकाळी सुलभाबाईंना पलंगावरून उठताही आलं नाही, आणि नीला रात्री उशिरापर्यंत त्यांचे पाय चेपत बसली.

यथावकाश निर्णय आला. आठवड्यातून एकदा, तासाभराची साफसफाई. बाकी आजी ठणठणीत.

आता, एवढ्याशा गोष्टीने नीलाचं काळीज का फाटावं, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

लग्नाआधी बी.एस्सी. होऊन नीलाला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आजी आजारी असताना तिने एका नर्सचे हात पाहिले होते, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. त्याच सुमारास गुरुदत्तचं स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनियर, परदेशी जाणारा. पोह्यांची बशी खाली ठेवत सुलभाबाई नीलाच्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. ते नर्सबिर्स मात्र नको. रात्रीबेरात्रीच्या ड्यूट्या, परक्या पुरुषांची अंगं पुसायची... आमच्या घरात चालायचं नाही." वडिलांनी मान खाली घातली. गुरुदत्त पंख्याकडे बघत राहिला. आणि नीलाने, अंतःकरणात काहीतरी कायमचं मिटवून टाकत, होकार दिला.

पुढे संसार परदेशात, पामर्स्टन नॉर्थ या गावी आला. गुरुदत्त डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या कामावर, मुलगी स्वानंदी शाळेत. नीलाने एका वृद्धाश्रमात केअरगिव्हरची नोकरी धरली. सुलभाबाई इथे राहायला आल्या, तेव्हा त्यांना हे कळलं आणि त्यांनी नाक मुरडलं. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आपल्या पलंगाला शिवायचं नाही, हा नियम त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला. व्हिडिओ कॉलवर नातेवाइकांना मात्र त्या सांगत, "नीला ना, हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे." शेजारच्या खोलीत ते ऐकत नीला कपड्यांच्या घड्या घालत असे.

पण वृद्धाश्रमातल्या सिस्टरने एकदा तिला धरून बसवलं. "तुझ्याकडे डिग्री आहे ना? मग पदवीधरांसाठी दोन वर्षांत नर्स करणारा कोर्स आहे. तू का नाही करत?" नीलाने घरात कोणालाही न सांगता अर्ज केला. अन् प्रवेश मिळाला! ती बातमी तिने पहिल्यांदा सांगितली ती घरामागच्या लिंबाच्या झाडाला, कारण मोठ्याने बोलून बघायचं होतं आणि माणसांपुढे धीर होत नव्हता; मग गुरुदत्तला आणि स्वानंदीला सांगितली, सासूबाईंना मात्र नाही.

कोर्स तसा घाईचा. दिवसभर वर्ग, मग आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलात प्रत्यक्ष कामाची प्लेसमेंट. नोकरीची संध्याकाळची पाळी गुरुदत्त घरी असताना निभत होती, पण दिवसा सासूबाईंपाशी कोणीतरी हवं. म्हणून तर हेदर आली होती, आणि सुलभाबाईंनी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"पुढच्या वर्षी बघू," निर्णय कळल्यावर गुरुदत्त म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला सगळ्या गोष्टी पुढच्या वर्षी बघायच्या असत.

"पुढच्या वर्षी मी आणखी थकलेली असेन," नीला म्हणाली. मग तिला आपल्याच आवाजाची भीती वाटली. "जाऊ दे. मी नाही म्हणून कळवते. एकदा दिलं सोडून, आता दुसऱ्यांदा. सवय आहे मला."

गुरुदत्तने वर पाहिलं. पण नीला तोवर धुतलेले कपडे घेऊन बाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. वारा इतका, की वाळत घातलेले टॉवेल तोंडावर फटके मारत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि आतून स्वानंदीचा आवाज आला. या पोरीला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्रजी.

"आजी, व्हाय डिड यू मेक टी फॉर दॅट लेडी?"

"अगं, घरी आलेल्या बाईला चहा नको द्यायला? तसंच पाठवायचं?"

"शी वॉजन्ट अ गेस्ट, आजी. शी केम टू सी की तुला किती हेल्प लागते. यू सेड, काहीच नाही. सो आई कान्ट गो टू नर्सिंग."

"नर्सिंग?"

"शी गॉट इन, आजी. आणि आता ती त्यांना 'नाही' कळवणार. बिकॉज ऑफ यू."

चिमटा हातात धरून नीला जागच्या जागी उभी राहिली. आत जाऊन पोरीला दटावावं, असं तिला वाटलं खरं. पण पाय उचलला नाही. इतक्या वर्षांत जे तिच्या ओठांवर आलं नव्हतं, ते लेकीने सहज बोलून टाकलं होतं.

त्या दिवशी सुलभाबाई जेवल्या नाहीत. पुढचे काही दिवस वेणी घालताना आरशात नीलाकडे बघायच्या आणि नजर भिडली की डोळे मिटून घ्यायच्या. नीलाला वाटलं, राग आला असेल. तिने नकाराचा मेल लिहून ठेवला, पण पाठवायला हात होईना.

मग एका सकाळी, केसांत कंगवा असताना, सुलभाबाई म्हणाल्या, "ती बाई परत येईल का?"

"कशाला, आई? झालं आता ते."

"बोलव तिला. गुरूलाही घरी थांबायला सांग."

आता आणखी काय सोहळा करायचा आहे यांना, या विचाराने नीला थकून गेली. तरी तिने फोन केला. हेदर पुन्हा यायला तयार झाली.

ती आली, दारात बूट काढून "किया ओरा" असा तिथला नमस्कार करत आत शिरली आणि थबकली. कारण सुलभाबाई गाऊनवर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, कपाळ मोकळं. सकाळपासून त्यांनी नीलाला अंगाला हात लावू दिला नव्हता. पदर नसल्यामुळे उजवा हात उघडाच मांडीवर पडला होता, बोटं वळलेली, निर्जीव. उभ्या आयुष्यात परक्या माणसासमोर बिनाटिकलीची न आलेली ती बाई, आज अशी बसली होती. नीलाला बघवेना. ती शाल आणायला वळली.

"राहू दे," सुलभाबाई म्हणाल्या. "बैस इथे. मी बोलते, तू तिला सांग. त्या दिवशी मी खोटं बोलले."

नीलाने सांगितलं.

"मला अंघोळ जमत नाही. कपडे जमत नाहीत. कधी कधी बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर..." त्या थांबल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गुरुदत्तने मान दुसरीकडे वळवली. "इकडे बघ, गुरू. आईचं आहे, परक्याचं नाही. पोचेस्तोवर निभत नाही. तेव्हा ही सगळं धुते. तोंडातून ब्र काढत नाही. सांग तिला."

नीलाने तेही सांगितलं.

"त्या दिवशीचा चहाही हिनेच केला होता. आज मी दाखवते मला किती येतं ते." एवढं म्हणून त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या, नीलाने हेदरसाठी भरून ठेवलेल्या गरम चहाच्या कपाकडे उजवा हात नेला आणि डाव्याने त्याची बोटं कपाभोवती एकेक करून वळवली. कप जेमतेम उचलला गेला... आणि पडला. चहा हातावर, गाऊनवर, जमिनीवर.

नीला धावली. तिने त्यांचा हात नळाखाली धरला, गार पाणी सोडलं. मनगट लाल झालं होतं. "आई, फार भाजलं का?"

"त्या हाताला काही कळतच नाही गं," सुलभाबाई हळूच म्हणाल्या. "किती दिवस झाले. तुलाही सांगितलं नाही मी."

नीलाच्या डोळ्यांना धारा लागल्या. हाच कप पडावा म्हणून तिने देवाला विनवलं होतं. आज तो पडला, आणि तिला वाटलं, त्या दिवशीची ती प्रार्थना कुठूनतरी मागे घेता आली असती तर बरं झालं असतं.

पाणी वाहत होतं. सुलभाबाई आता हेदरकडे बघत नव्हत्या. नीलाकडे बघत होत्या.

"आणि तिला हेही सांग. ही मुलगी माझ्या घरात यायच्या आधीच नर्स व्हायची होती. मी होऊ दिली नाही. मला लाज वाटत होती त्या कामाची... आणि आज त्याच कामावर मी जिवंत आहे. आता पुन्हा एकदा माझ्यापायी हिचं राहिलं, तर मला वर जाऊन तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

हे नीलाला सांगता येईना. हेदर वाट बघत राहिली. गुरुदत्त गालावरून हात फिरवत उभा. आणि मग मघापासून दारात ऐकत उभी असलेली स्वानंदी, दप्तर अजून खांद्यावर, पुढे आली. आजीचं एकेक वाक्य तिने इंग्रजीत करून सांगितलं, काहीही न गाळता. शेवटच्या वाक्यापाशी ती अडखळली, पण तेही तिने सांगितलं.

हेदरने चष्मा काढून पुसला. मी आजच नव्याने शिफारस करते, ती म्हणाली, रोज सकाळी आणि दुपारी कोणीतरी येईल, याची मी धडपड करीन. "आता तुम्ही सगळे बसा," ती पुढे म्हणाली. "चहा मी करते."

तिला कोणी थांबवायच्या आत तिने किटली लावलीसुद्धा. पाहुणीने आपल्या ओट्याशी उभं राहून चहा करायचा, आणि सुलभाबाईंनी खुर्चीत बसून तो घ्यायचा! कोणी महिन्याभरापूर्वी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसालाच घराबाहेर काढलं असतं. चहा म्हणजे कपात बुडवलेली पिशवी आणि वर गार दूध. डाव्या हाताने कप धरून त्यांनी तो तळापर्यंत संपवला.

"पाणचट आहे," त्या नीलाला म्हणाल्या. "हे नको सांगूस तिला."

नीलाला रडता रडता हसू आलं. मग त्यांनी मुलाकडे मोर्चा वळवला. "गुरू, हिची ड्यूटी असेल त्या दिवशी माझी वेणी तू घालायचीस. शिकून घे. पुढच्या वर्षी नाही, आजपासून."

"हो, आई," गुरुदत्त म्हणाला. मग नीलाकडे वळून, खाली बघत, म्हणाला, "पंख्याकडे बघत बसलो होतो मी त्या दिवशी. तेव्हाच बोलायला हवं होतं."

इतक्या वर्षांनी तो पंखा त्यालाही आठवत होता, एवढं नीलाला पुरलं.

हेदर गेली. नीलाने लिहून ठेवलेला नकार पुसून टाकला, दोन ओळींत होकार पाठवला, आणि रात्री पाळीवरून परतल्यावर ती मलम घेऊन सासूबाईंच्या खोलीत आली. त्या पलंगावर टेकून पडल्या होत्या. तिने हळुवार हाताने भाजलेल्या मनगटाला मलम लावलं, वळलेली बोटं एकेक करून सरळ केली. सुलभाबाई बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "जरा वेळ बसता का माझ्यापाशी?"

नीला कामाच्या कपड्यांतच होती, अंघोळ व्हायची होती. ती पलंगावर, त्यांच्या अगदी उशाशी बसली.